चक्रीवर चढवलेल्या नव्या दोराविषयी

वडीलधारी मंडळी हयात असताना एकोणीस वर्षांच्या मुलीने मृत्युपत्र लिहावे, हे धारिष्ट्यच आहे. त्याबद्दल आरंभीच क्षमा मागते. उद्या माझ्या पोटातील गाठीची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर धीर देतात. तरी काही गोष्टी लिहून ठेवलेल्या बऱ्या.

मी, कु. सिंधू गिरधर भंगाळे, धंदा शिक्षण, राहणार तापीकाठी, तालुका रावेर, हल्ली मुक्काम मावशीकडे, देवपूर, धुळे, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाविना पुढीलप्रमाणे व्यवस्था करते.

१. माझी सर्व पुस्तके धाकटी बहीण लता हिला द्यावीत. बक्षिसाचा शब्दकोश मात्र चुलतभाऊ चुडामण याला उसनाही देऊ नये. तो पानांचे कोपरे दुमडतो आणि वर विचारतो, "पान मेलं का, अक्का?"

२. निळे जरीकाठी लुगडे आईचे. ती "मले कायले?" म्हणेल, तिचे ऐकू नये.

३. गावच्या घरी माझ्या पेटीत गळाच्या काठीची पितळी चक्री आहे. पुलाच्या कामावरील साहेबाने १९४७ साली जाताना ती माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, दिली. ती त्यांचीच असल्याने मला देता येत नाही. तिच्याविषयी एक कबुली मात्र देते.

दोन वर्षांपूर्वी सुपडूभाऊ भोई यांनी नानांसाठी शंभर हात नवा दोर वळून दिला. माझा हात नेटका म्हणून चक्रीवर तो मी गुंडाळला. वेढे सुरेख बसले. पण पहिले टोक आसाला बांधले नाही. सुताच्या रिळाप्रमाणे वेढ्यांखाली दबून राहील, असे मला वाटले. मोठा मासा लागला आणि अख्खा दोर घेऊन गेला.

"सुपड्या, कुजका दोर देल्हा तू!" नाना काठावरच ओरडले.

"नाना, तुटता तं तुकडा ऱ्हाता ना चक्रीवर! बठ्ठा कसा गया?"

"मले शिकवतो का?"

सुपडूभाऊंचे म्हणणे खरे होते. रिकामा आस मी पाहिला होता. पण त्याच आठवड्यात मॅट्रिकचा निकाल लागला होता, आणि नाना पेढे वाटत "आमची सिंधू चुकत नाही" म्हणत होते. मी गप्प राहिले. तेव्हापासून आमच्या मळ्यातून नदीवर उतरण्याची वाट सुपडूभाऊंना बंद आहे. जाळे खांद्यावर घेऊन ते अर्धा कोस वळसा घालतात. बाजारात लोक विचारतात, "दोर कुजका तं नही ना, सुपडू?"

४. यासाठी वाट खुली करावी, आणि नवा दोर बाजारच्या दिवशी, चारचौघांसमोर, सुपडूभाऊंकडूनच घ्यावा. टोक आसाला दोन फेरे घेऊन गाठीने बांधावे, ओढून पाहावे. मग ओल्या फडक्यातून ताणून गुंडाळावा, काठोकाठ भरू नये.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. परंतु मी यातून वाचले, तर माझ्या जगण्यापायी सुपडूभाऊ दोषीच राहतील. म्हणून कलमे ३ व ४ नानांनी वाचताक्षणी लागू समजावीत. बाकीची थांबू शकतात.

साक्षीदार: सुगंधाबाई पितांबर झोपे (मावशी), तानुबाई मोतीलाल राणे (शेजारीण).

सही: सिंधू गिरधर भंगाळे
देवपूर, धुळे

आमच्या गावी निघालेल्या मावशीच्या यजमानांच्या हाती, पाकीट न चिकटवता, नानांकडे पाठवले: सोमवार, १२ नोव्हेंबर १९५६, सकाळी सहा वाजून वीस मिनिटे.