चर्चमागचं फाटक

प्रिय हिल्डा,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. इथे मॉरीनकडे माझं बरं चाललंय. माझी लेक काही म्हणो, गुडघाही आता कुरकुरत नाही.

मंगळवारी एकटाच फिरायला गेलो. जुनं चर्च, त्यामागचं धान्याचं मोठं कोठार, मग पडकी गिरणी. कोठाराजवळचं फाटक उघडं दिसलं, म्हणून जन्मभराच्या सवयीने लावून घेतलं. शेतकऱ्याने ते मेंढ्यांना पाण्यावर जाता यावं म्हणून मुद्दाम उघडं ठेवलं होतं. बिचाऱ्या दिवसभर तहानलेल्या राहिल्या. मला फाटक लावताना कुणीतरी पाहिलं होतं, म्हणून संध्याकाळी तो दारात हजर. "आजोबा, फाटक दिसेल तसंच ठेवायचं असतं. शहरातून आलात का?" हे मला, हिल्डा. बाबांच्या मेंढ्या राखण्यात माझं बालपण गेलं.

मेंढ्या ठीक आहेत. पण मॉरीन म्हणते, "बाबा, एकट्याने फिरणं आता बंद. आणि आत्याकडे परत जायचं तर विसराच." एका फाटकावरून माझं घर सुटायची वेळ आली.

तुझा खोकला गेला का? कोंबड्या अंडी देतात ना? मी घरी आलो तर तुला त्रास नाही, असं मॉरीनला लिही. आणि त्रास होणार असेल, तर ते तिला नको, मला लिही. पण लवकर लिही.

तुझा भाऊ,
विल्फ