गुलछडीच्या मागून

कांदिवली (पूर्व),
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

आईंना मानसीचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोन केला की तुम्ही "बरी आसंय, ठेवतंय" एवढंच बोलता आणि ठेवून देता. पत्र काही असं मध्येच ठेवता येत नाही, म्हणून हा खटाटोप. पाकीट घ्यायला गेले तर पोस्टातल्या बाई माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी रॉकेलचा कंदील मागितला.

गणपतीला म्हणून गावी गेलात, दसरा झाला तरी परतायचं नाव नाही. खालच्या मजल्यावरच्या शकुमावशी रोज विचारतात. सुयोग सांगतो, आईला गावची हवा मानवली. त्या "हो का" म्हणतात आणि माझ्याकडे बघतात.

तुमचा लेक स्वयंपाक शिकतोय. परवा बांगड्याचं तिखलं केलं, त्यात तिरफळं घालायला विसरला आणि वर मलाच विचारतो, "आईच्या हातासारखं झालंय ना?" मी हो म्हटलं. देव मला क्षमा करो.

ऑफिसात कामाचा डोंगर आहे. दिवसभर लोकांचे अपघात विम्याचे दावे तपासायचे. कुठे पडलात, कसे पडलात, बघणारं कोण होतं. साहेबांनी बढतीचं विचारलंय. नागपूरची शाखाही माझ्याकडे द्यायची म्हणतात, पण मग दर मंगळवार-बुधवार तिकडे जावं लागेल. दिवाळीपर्यंत सांगते म्हटलंय. बघू.

गुलछडी बरी आहे.

तिचं नाव काढलेलं तुम्हाला खपत नाही, म्हणून तेवढंच लिहून पुढे जाणार होते. पण पुढे काही सुचेना. माझी सकाळच त्या घोडीत जाते, तर लिहिणार कशाबद्दल? उजाडता उजाडता स्कूटर काढून आरेतल्या तबेल्यावर जायचं, तिला खरारा करायचा, खूर साफ करायचे, फिरवून आणायचं, तिथल्याच नळावर तोंड धुऊन ऑफिसचे कपडे चढवायचे आणि मरोळवरून अंधेरी गाठायची. परवा मीटिंगमध्ये माझ्या केसांतून गवताची काडी टेबलावर पडली. साहेबांनी ती उचलून माझ्यापुढे ठेवली आणि आकडे वाचत राहिले. लिफ्टमध्ये लोक माझ्यापासून जरा लांबच उभे राहतात, त्यामुळे गर्दीतही ऐसपैस जागा मिळते. हाही एक फायदाच म्हणायचा.

नोकरी करणाऱ्या बाईने घोडी पाळायची म्हणजे नसती थेरं, असं सगळ्यांना वाटतं. तुम्हीही तेच म्हणाला होतात. पण आई, या सगळ्या धबडग्यात तेवढाच वेळ असा असतो, की मला कुणी काही विचारत नाही. तिला फक्त मी तिथे असायला हवी असते.

जुलैत मी तिच्यावरून पडले, मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आले तेव्हा तुम्ही दारातच म्हणालात, "एकतर ती घोडी, नायतर मी." मी काहीच बोलले नाही. माझ्या गप्प बसण्याचा तुम्ही काय अर्थ घेतलात, तो तुमचं परतीचं तिकीट रद्द झालं तेव्हा कळला.

हात आता चांगला आहे. पोळ्या लाटते. भातकापणीत उगाच वाकत बसू नका, कंबर सांभाळा.

तुमची सून,
मानसी


कांदिवली,
गुरुवार, १६ ऑक्टोबर

आईंना नमस्कार.

उत्तर आलं नाही. काल सकाळपर्यंत मी चार खरमरीत ओळी लिहायच्या ठरवल्या होत्या. आता राग कुठल्या कुठे गेलाय. का, ते सांगते. पण आधी मागच्या पत्रात जे गाळलं ते लिहून टाकते.

मी रोज तबेल्यावर जाते हे खरं, पण जुलैपासून गुलछडीवर बसलेले नाही. खोगीर चढवते, पट्टा आवळते, रिकिबीत पाय घालते आणि काढून घेते. तबेल्याचा मालक निलेश, त्याला सांगत राहिले की डॉक्टरांनी मनाई केलीय. डॉक्टर केव्हाच हो म्हणाले होते. सुयोगलाही बोलले नाही. चाळिशी ओलांडलेली बाई, हौसेने घोडी घेते आणि तिच्यावर बसायला घाबरते, हे कुठल्या तोंडाने सांगू? तुम्हाला सांगतेय.

आणि गुलछडी वाईट नाही हो. ती लग्नाच्या वरातीतली घोडी. आयुष्यभर कुणीतरी दोर धरून पुढे चाललं, म्हणून ती चालली. पाठीवरचा नवरदेव तिला काय सांगणार? तो बिचारा स्वतःच मुंडावळ्या सावरत बसलेला असतो. निलेश नको म्हणत होता, पण मी तिच्या डोळ्यांवर भाळले आणि हट्टाने घेतली. दोन वर्षं घोडेस्वारी शिकलेय, शिकवीन तिला, असा माझा तोरा. पुढचं माणूस बाजूला झालं की ती थांबते. त्या दिवशी दुडक्या चालीत असताना तिची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराने, चंद्रप्रकाशने, दोर सोडला. ती जागच्या जागी थांबली आणि मी तिच्या कानांवरून पुढे गेले. एवढाच तिचा गुन्हा.

सोमवारी निलेशने मला बसवून सांगितलं, "मॅडम, राग मानू नका. घोडी म्हणजे काय बाल्कनीतली कुंडी नाही, की पाणी घातलं आणि झालं. नुसती उभी राहून पाय खराब होतील तिचे. तुम्ही बसत नाही, त्यात आता दोन दिवस नागपूर. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू. मालाडचा वरातवाला परत मागतोय, देऊन टाका ना." राग कसला मानायचा, खरं तेच बोलला. बढतीला नाही म्हणू की गुलछडीला, एवढंच उरलं होतं. जनरेटरच्या धुरात, कानाशी फटाके फुटत असताना ती पुन्हा उभी राहणार, हे काही डोळ्यांपुढून हलेना. शेवटी काल मन घट्ट केलं आणि चंद्रप्रकाशला म्हटलं, आता आहे तोवर तिला नीट खाऊ घाल.

तो म्हणाला, "मॅडम, देने से पहले आजीला तरी विचारा ना. वो आती थी तो मस्त चलती थी ये."

"कोण आजी?"

"अरे, तुमची सासू! हर मंगलवार. चष्मा, कापडी पिशवी. घरी बोलू नको बोलली, म्हणून नाय बोललो. अब घोडीच चालली, तर काय लपवू?"

आई, मी तिथेच गवताच्या भाऱ्यावर बसले. दर मंगळवारी तुम्ही देवळात भजनाला जायचात! शकुमावशींना तुमच्याकडून प्रसादसुद्धा मिळायचा. तो कुठून आणायचात, ते एकदा सांगा.

मग चंद्रप्रकाशने सगळंच सांगितलं. पहिल्यांदा तुम्ही भांडायला आलात. "खय आसा ती?" म्हणून थेट आत शिरलात, तर तिने तुमच्या पिशवीत तोंड घातलं. पुढच्या मंगळवारी पिशवीत गाजरं होती. तो तिचा दोर तुमच्या हातात द्यायला लागला, तर तुम्ही घेतला नाहीत. "गुरांका काय पुढसून ओढतत?" असं म्हणालात आणि तिच्या मागून, जराशा बाजूने, चालायला लागलात, लहानपणी संध्याकाळी गुरं घरी आणायचात तशा. चंद्रप्रकाश ओरडतोय, आजी, मागे राहू नका, लाथ मारेल. तुम्ही त्यालाच दटावून गप्प केलंत. "चल गो बाये, चल." आणि ती चालली. पुढे कुणी नसताना. म्हशींच्या गोठ्यापर्यंत गेली आणि वळून परत आली.

तुम्ही तिला गाय समजलात, आई! निलेशने महिनोन्महिने शिकवलं, मी पुस्तकं वाचली, व्हिडिओ बघितले, पण तिला मागून हाकून बघावं, हे आमच्या कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. घोड्याच्या मागे उभं राहायचं नाही, हा तर पहिला धडा. आणि विचार केला, तर पाठीवर बसलेलं माणूस तिच्यासाठी काय असतं? मागून येणारा आवाजच ना? तुम्ही तिला त्याचीच सवय लावत होतात. तुम्हालाही पत्ता नव्हता आणि मला तर नव्हताच.

शेवटी त्याने आणखी एक सांगितलं. मी पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही गेला होतात. गाजर दिलं नाहीत. तिच्यापुढे उभ्या राहून विचारलंत, "माझ्या सुनेक कित्याक पाडलंस गो?" आणि पदर डोळ्यांना लावलात.

मला इतके दिवस वाटत होतं, तुम्ही माझ्यावर चिडून गेलात. तुम्ही घाबरून गेलात. माझ्यासाठी कुणी इतकं घाबरलं असेल, हे मला खरंच माहीत नव्हतं. मीही घाबरलेय आई, आणि तुमची फार आठवण येते.

उत्तर द्या. नाही दिलंत तरी मी पुन्हा लिहिणारच.

मानसी


कांदिवली,
शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आई,

काल भाऊबीजेची सुट्टी होती. सकाळी तबेल्यावर गेले आणि चंद्रप्रकाशला म्हटलं, दोर सोड आणि मागे जा. रिकिबीत पाय घातला. नेहमीसारखा काढून घेणार होते, तेवढ्यात गुलछडीने मान वळवून माझ्या बुटाचा वास घेतला. मला हसू आलं आणि त्या हसण्याच्या भरात मी वर बसले.

बसले खरी, पण जमीन काय खोल दिसते वरून! चंद्रप्रकाश मागून म्हणाला, "चल गो बाये." त्याच्या तोंडून ते इतकं भयंकर ऐकू येतं, की तुम्ही असतात तर त्याला चपलेने मारलं असतं. गुलछडी ढिम्म. नुसते कान मागे वळले. मग मी बोलले. तुमचा हेल काही जमला नाही. एकदा बोलले, पुन्हा बोलले, मग रडवेली होऊन काहीबाही बोलत सुटले, की चल गं, नाहीतर त्या मालाडवाल्याकडे जावं लागेल तुला, चल गो बाये.

आणि ती चालली, आई! समोर कुणी नव्हतं, नुसता रस्ता आणि तिचे दोन कान. गोठ्यापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. उतरले तेव्हा मी वेड्यासारखी हसत होते. निलेश म्हणाला, "मॅडम, आता रोज असंच." एरवी कौतुक त्याच्या तोंडून सांडशीने ओढून काढावं लागतं.

मालाडच्या वरातवाल्याला मी ‘नाही’ म्हणून कळवलंय आणि साहेबांना ‘हो’. निलेशने कपाळावर हात मारला. "मंगळवार-बुधवार कोण बघणार तिच्याकडे?" मी म्हटलं, माणूस आहे, घरचंच आहे, सध्या गावी गेलंय.

तुम्हाला न विचारता बोलून बसले. आता विचारते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी दर मंगळवारी पहाटे नागपूरला निघणार. गुलछडीला फिरवायला याल का? भजनाचं निमित्त काढून नाही, शकुमावशींना सांगून, राजरोस. सुयोग म्हणतो, "अगं, आई नाही यायची. ती एकदा बोलली की बोलली." मी म्हटलं, तुला तुझी आई माहीत नाही.

पडणार नाही असं वचन मी देत नाही. मी रोज हेच दावे वाचते, सगळ्यात जास्त माणसं आपापल्या मोरीत पडतात. पण काही झालंच, तर सगळ्यात आधी तुम्हाला सांगेन. तुम्ही ओरडा, दोन दिवस बोलू नका, पण घरातच राहून.

मला निवडायला लावू नका, आई. नोकरी माझी आहे, घोडी माझी आहे, आणि तुम्हीही माझ्याच आहात.

वाट बघतेय.

मानसी


गाव,
५ नोव्हेंबर

मानसीस अनेक आशीर्वाद.

तीनय पत्रां पोचली. भातकापणी चालू होती, हात मोकळो नव्हतो, म्हणान उत्तर ऱ्हवला. तुळशीचा लगीन लावलंय आणि आता लिवक बसलंय.

त्या चंद्रप्रकाशाच्या पोटात एक गोष्ट ऱ्हवणा नाय. त्याका मी बघतंय.

ती गाय नाय, ह्या माका कळता. पण जनावर ता जनावर. पुढसून ओढलंस तर हट्ट करता, मागसून गोड बोललंस तर चलता. तू तीन पत्रां लिवन माकाय तसाच हाकलंस.

प्रसाद कांदिवली स्टेशनाभायर इकत मिळता. शकुक सांगा नको.

सोमवारी रातची लक्झरी धरतंय. मंगळवारी सकाळी आरेच्या नाक्यार उतरतलंय आणि थयसूनच तबेल्यार जातलंय. घराक मागसून येतंय, सुयोगाक चावी शकुकडे ठेवूक सांग. तू माझी वाट बघत थांबू नको, नागपुराक जा. बाईमाणसाक साहेब केल्यानी, पयल्याच दिवशी उशीर नको.

भिया माका अजून वाटता. ता जावचा नाय. बुधवारी रातीक तू परत इलंस काय गुरवारी सकाळी दोघी जावया. तू वर बस. मी मागसून चलतंय.

तुझी आई,
शेवंती