आखाजीच्या बारातला दगड

करंजवाडे, ता. पारोळा
१४ मे १९९७

चि. इंदूस,

तुझ्या मायचे आशीर्वाद. मी बरी आहे, म्हैसही बरी आहे. तू रावेरला मामाकडे सुखरूप पोचलीस हे पितांबरमामाने केळीच्या ट्रकवाल्याबरोबर कळवलं. मामीला कामात हात लाव. बागेत दुपारची एकटी जाऊ नको आणि कोणी विचारलं तर सुट्टीला आले आहे असं सांग. हे पत्र मी अमळनेरला जाऊन पेटीत टाकणार आहे. आपल्या गावातून टाकलं तर पत्ता चावडीवर वाचला जाईल.

तू नाहीस म्हणून माझे केस शेजारची भिकुबाई विंचरून देते. तिचा हात जड आहे.

घराला सध्या दार नाही. गोणपाट लावलं आहे. तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच लिहिते. तू गेलीस त्याच संध्याकाळी नदीपलीकडून पिंपळकोठ्याची माणसं आली. तुझे उखर्डूकाका दारात आडवे उभे राहिले, तर त्यांना बैलगाडीच्या उभारीच्या दांडक्याने मारलं. पहिला फटका तोंडावर बसला. दुसरा त्यांनी हातावर घेतला आणि हाडाचा आवाज मी आत ऐकला. ते खाली बसले तरी मारत होते. मी मध्ये पडले तेव्हा मला कोणीतरी केसांना धरून ओट्यावरून खाली ओढलं. अक्षय्य तृतीयेला तुझ्या बाबांच्या नावाने भरलेली आखाजीची घागर ओट्यावरच होती, वर खरबूज, बाजूला सांजोऱ्या. एकाने तिला लाथ मारली. पाणी माझ्या अंगाखालून वाहत गेलं.

मग ते तुझ्या पुस्तकांवर गेले. "बठ्ठी पुस्तकं काढा रे! जळू द्या मोकाट डिगरी!" अंगणात ढीग केला आणि आपल्याच कंदिलातलं रॉकेल ओतलं. एकाच्या हाताला उखर्डूकाकांचं रक्त लागलं होतं. त्याने ते एका पानाला पुसलं आणि पान आगीत टाकलं. ते इतिहासाचं पुस्तक होतं. तू कापूस वेचायला जायचीस तेव्हा ते मी तुझ्याआधी वाचून काढलं होतं. भाकरी करताना वाचत होते म्हणून त्याच्या कडांना पीठ लागलेलं होतं. विद्यापीठाने पाठवलेली सगळी पुस्तकं मी अशीच वाचली. मला कोणी परीक्षेला बसवलं नाही, पण इंदू, तू काय शिकलीस हे मला ठाऊक आहे, कारण मी तुझ्या शेजारी बसून शिकले. पदवीचा कागद तू पिशवीतून नेलास, तेवढा वाचला.

शालिग्राम आप्पांच्या सुनेला, लताला, धुळ्याला सिव्हिल हॉस्पिटलात नेलं आहे. डोळ्यावर पट्टी आहे. याहून जास्त मला कळलेलं नाही.

आप्पांच्या शिक्षणसंस्थेत क्लार्कच्या मुलाखतीला तू गेलीस त्या दिवशी मी व्हरांड्यात बसले होते. खिडकी उघडी होती. मला सगळं ऐकू आलं हे मी तुला कधी सांगितलं नाही.

"कोणत्या कॉलेजची गं तू?" आप्पांनी विचारलं.

"मुक्त विद्यापीठ, आप्पा. अभ्यास घरी करायचा, परीक्षा धुळ्याला."

"म्हणजे वर्ग नाही, मास्तर नाही, हजेरी नाही. मग मुक्त कशाला म्हणतेस? मोकाट म्हण!"

हेडमास्तर हसले. मग बाकीचेही हसले.

तू म्हणालीस, "आप्पा, माझे मार्क बघा. टंकलेखनाची परीक्षाही दिली आहे."

"घरच्या चुलीवर शिजलेलं घरच्यांनी खावं, बाई. आम्ही पंगतीत वाढत नाही."

एवढी हुशार माणसं बसली होती, पण तुझ्या विषयातला एक प्रश्न कोणी विचारला नाही. क्लार्कची जागा आप्पांच्या सुनेला मिळाली. लता अमळनेरला कॉलेजात जाऊन शिकली, ती खरी शिकलेली ठरली. बाहेर आलीस ती तू तडक वाटेला लागलीस. नदी ओलांडेपर्यंत तू रस्त्यातले दगड पायाने उडवत होतीस.

बाराची रीत तुला तुझ्या आजीने शिकवली आहे. आखाजीला गौराई बोळवायला दोन्ही गावच्या बायका नदीवर येतात, दोन काठांवर उभ्या राहतात, एकमेकींना वाटेल त्या शिव्या देतात, ढेकळं फेकतात. वर्षभर मनात साठलेलं बायका त्या दिवशी ओकून टाकतात. गोफणीत घालायचं ते मातीचं ढेकूळ, आणि नदीवर बोललेलं कोणी घरी न्यायचं नाही. मी सासरी आले तेव्हापासून बार खेळले. एकदा माझ्या कपाळावर ढेकूळ फुटलं, तर ते मारणारीनेच दुसऱ्या दिवशी हळद पाठवली.

यंदा तू म्हणालीस, "सासरानी नोकरी दिधी, तुनामा काय गुन?" लता म्हणाली, "घर बसीन डिगरी लिधी, चुल्हामा घाल तिले!" इथपर्यंत दोन्ही काठ हसत होते. मीही हसले. मग ती तुझ्या बाबांच्या कापसाच्या जिनमधल्या मरणावर गेली. "बाप जिनमा दळायना, पोर डिगरी मिरवस!"

तेव्हा आपल्या काठावरचं हसणं थांबलं. पुढचं मी लिहीत नाही. नदीच्या पात्रात गुलाल सांडल्यासारखं झालं होतं, आणि लता दोन्ही हातांनी तोंड धरून गुडघ्यांवर बसली होती. तिच्या बोटांमधून ते येत होतं.

परवा फौजदार आले. मी सांगितलं, दगड मी मारला. बारात उभ्या असलेल्या आपल्या गावच्या बायकांनीही तेच सांगितलं. नवऱ्याच्या मरणावर कोणी बोललं म्हणून विधवा बाई बिथरली, यात न पटण्यासारखं काय आहे? त्यांनी लिहून घेतलं, माझा अंगठा मागितला. मी सही केली.

आता नीट वाच. तुझ्या नावाने मुलाखतीचं पत्र आलं आहे. जळगावला जिल्हा परिषदेत लिपिकाच्या जागेसाठी तीस तारखेला मुलाखत आहे. जाहिरातीत लिहिलं होतं ना, मुक्त विद्यापीठाची पदवी ग्राह्य धरली जाईल? ते कात्रण माझ्याजवळ आहे, सोबत पाठवते. तिथे तुला मोकाट म्हणायला आप्पा नसतील. पण सरकारी नोकरीला पोलिसांचा दाखला लागतो आणि तो स्वच्छ लागतो. म्हणून तू इकडे यायचं नाही. मामाकडून थेट जळगावला जा. माझं काय व्हायचं ते होईल. तुझे बाबा गेल्यापासून मला कशाचं फारसं भय वाटत नाही.

वाचून झाल्यावर हे पत्र मामीच्या चुलीत घाल.

तुझी माय

---

करंजवाडे
२४ मे १९९७

चि. इंदू,

तुझं पत्र ट्रकवाल्याने आणून दिलं. दोनदा वाचलं. मुलाखतीला कोणती साडी नेसू, मामीची निळी चालेल का, पंचायत राजवर काय विचारतील, असं तू विचारतेस. उखर्डूकाकांच्या हाताची चौकशी केलीस ते बरं केलंस. प्लास्टर आहे. समोरचे दात गेले. जेवण भिजवून द्यावं लागतं आणि ते चिडतात.

लताचं तू काहीच विचारलं नाहीस. मी पत्राच्या मागेही पाहिलं.

मंगळवारी फौजदार परत आले. या वेळी ते घरी बसले नाहीत. "बाई, जरा नदीवर चला," म्हणाले. दोन्ही गावं जमली होती. पलीकडे शालिग्राम आप्पा खुर्ची टाकून बसले होते. ऊन असं होतं की वाळूवर पाय ठरत नव्हता. फौजदारांनी लता जिथे उभी होती तिथे एक मडकं पालथं ठेवायला लावलं, माझ्या हातात गोफण दिली आणि एक गोटा दिला.

"फोडा," ते म्हणाले.

"साहेब, ते रागाच्या भरात झालं. आता कसं जमेल?"

"राग मी आणून देऊ का? फिरवा तरी."

माझा उजवा खांदा तुला माहीत आहे. तुझ्या बाबांना जिनच्या पट्ट्यातून ओढताना तो निखळला, तो पुन्हा कधी वर गेला नाही. पट्टा त्यांना आत घेत होता आणि मी पाय धरून ओढत होते. शेवटी माझ्या हातात त्यांचा एक बूट राहिला. तेव्हापासून मला केसही विंचरता येत नाहीत. फौजदारांनी हे कोणाकडून काढलं ते मी विचारलं नाही. भिकुबाई माझ्याकडे बघत नव्हती.

मी तरी प्रयत्न केला. गोफण फिरवली. हात कानापर्यंत आला आणि तिथेच अडला, दोर मनगटाला गुंडाळला गेला आणि गोटा माझ्याच कपाळावर बसला. पलीकडच्या काठावर बायका हसल्या. रक्त डोळ्यात उतरलं तेव्हा हसणं बंद झालं. मी दुसरा गोटा मागितला. फौजदारांनी दिला नाही.

त्यांनी स्वतःचा रुमाल मला दिला. हळूच म्हणाले, "बाई, जोंधळ्यावरची पाखरं कोण राखायचं तुमच्याकडे?"

मी रुमाल कपाळाला दाबून धरला. तुला गोफण तुझ्या बाबांनी शिकवली. उडणारं पाखरू तू कधी मारलं नाहीस, त्याच्या पुढ्यातली फांदी हलवायचीस, आणि ते कौतुकाने मला हाक मारायचे. तुझा नेम चुकत नाही, इंदू. म्हणून तो दगड चुकून लागला असं मला तुझ्यासाठीही म्हणता येत नाही. वाळूत ढेकळांचा ढीग होता आणि तू वाकून दगड घेतलास. मी तुझ्या शेजारी होते.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला गेले. कपाळावर पट्टी होती म्हणून वॉर्डातल्या बाईला वाटलं मीच दाखवायला आले. लता भिंतीकडच्या खाटेवर होती. जवळ माहेरची एक म्हातारी होती, सासरचं कोणी नव्हतं. मी कोण ते सांगावं लागलं नाही.

"मलाही सांगायला आलात का, मावशी, की दगड तुम्ही मारला?"

"हो," मी म्हणाले.

"मी देखेल शे, मावशी. तीच व्हती." मग ती शाळेतल्यासारखं नीट बोलायला लागली, जणू मी परकी आहे. "डोळा काढला. शुक्रवारी. आत काही उरलंच नव्हतं. डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्याला जपायला सांगितलंय."

मी तिच्या खाटेच्या लोखंडाला धरलं.

"सासरे रोज निरोप पाठवतात, नाव सांग म्हणून. स्वतः एकदाच आले. दुसऱ्या वेळी माझ्या सहीसाठी कागद पाठवला, राजीनाम्याचा. ऑफिसात शिरल्याशिरल्या असा चेहरा लोकांना बरा दिसत नाही म्हणे. त्यांच्या भाच्याला जागा दिली. तो बारावी नापास आहे." ती हसली असावी. अर्धं तोंड पट्टीत असताना कळत नाही. "तुमच्या इंदूची डिगरी घरची होती म्हणून चालली नाही. माझी कॉलेजातली होती, ती आता चालत नाही."

मी म्हटलं, "पोरी, तू तिच्या बापावर बोललीस."

"बोलले. बारात बोलतात. तुमच्या गावच्या बायका माझ्या मेलेल्या मुलावर बोलल्या होत्या, गेल्या आखाजीला. मी ढेकूळच मारलं."

मला ते आठवलं. मला खाली बघावं लागलं.

मग ती म्हणाली, "मी अजून नाव सांगितलेलं नाही. तिला लिहा. तिने स्वतः यावं, इथे, या खाटेपाशी. उरलेल्या डोळ्याने मला तिच्याकडे बघायचंय. आली नाही तर मी सही करीन, राजीनाम्यावरही आणि तिचं नाव घेतलेल्या जबाबावरही."

एवढं झाल्यावर तिने तोंड भिंतीकडे केलं. तिच्या उशीवर पिवळा डाग होता. निघताना तिच्या पायांवर चादर ओढायला गेले तर तिने पाय मागे घेतले.

इंदू, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की इकडे येऊ नको. ते पत्र तू जाळलं असशील. त्यातलं सगळं विसर. मी तुला वाचवायला निघाले होते आणि माझ्या हाताने ते झालं नाही. झालं असतं तर आज मी काय लिहिलं असतं ते मला सांगता येत नाही. त्या खाटेजवळ उभं राहीपर्यंत मला वाटत होतं की आपल्यावरच अन्याय झाला आहे. झाला आहेच. आप्पांनी तुझ्या शिक्षणाची थट्टा केली, माणसं घालून आपलं घर फोडलं, तुझी पुस्तकं जाळली. मारहाणीची फिर्याद मी दिली आहे, उखर्डूकाका ती मागे घेऊ देणार नाहीत. पण दगड आप्पांना लागला नाही. तो ज्या पोरीला लागला, तिलाही त्यांनी तुझ्यासारखंच दाराबाहेर काढलं.

मुलाखत शुक्रवारी आहे. तू गुरुवारी रावेरहून निघ. जळगावला थांबू नको, तिथून धुळ्याची गाडी धर. मी स्टँडवर असेन. आधी लताकडे जाऊ. तिथे मी काही बोलणार नाही, तुझ्या वतीने एक शब्दही नाही. ती शिव्या देईल, त्या ऐक. मग दोघी मिळून ठाण्यात जाऊ. फौजदार म्हणाले की स्वतः आलेलीचं वेगळं लिहिता येतं. वेगळं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी आशा धरलेली नाही. मुलाखत बहुधा हुकेल. दाखला स्वच्छ राहणार नाही.

पदवी तुझी आहे, ती तू कमावलीस, ती मोकाट म्हटल्याने जात नाही आणि जाळल्यानेही गेली नाही. दगडही तुझाच आहे. एक आपला म्हणायचा आणि दुसरा मायच्या हाती द्यायचा, असं तुझ्या बाबांच्या घरात चालणार नाही.

मामीची निळी साडी नेसून ये. पदवीचा कागद सोबत ठेव.

घागर नवी आणली आहे. अजून भरलेली नाही. तू आलीस की तुझ्या हाताने भर.

गुरुवारी पहिल्या गाडीपासून धुळ्याच्या स्टँडवर उभी असलेली,
तुझी माय