कापलेले श्वास

४ फेब्रुवारी

आले एकदाची. आणि आल्या आल्या जागा आवडली, हे माझ्या बाबतीत क्वचितच घडतं म्हणून लिहून ठेवते. वक्तृत्व शिकवणारी संस्था म्हटल्यावर कुबट खोल्या आणि भिंतीवर सुविचार अशी मनाची तयारी करून आले होते. प्रत्यक्षात इमारत लख्ख आहे. खाली सभागृह, मधल्या मजल्यावर वर्ग आणि ध्वनिमुद्रणाची खोली, तिच्या बरोबर वर माझं बिऱ्हाड. दोन खोल्या, मोठी खिडकी आणि पुस्तकांना पुरेल एवढी भिंत. पुस्तकांची खोकी चढवताना हमाल कुरकुरत होता. बाई, एवढं वाचून होतं तरी कधी, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तुझं कुरकुरणं संपायच्या आत होतं.

संचालक स्वतः दारात उभे होते. गुळगुळीत माणूस. प्रत्येक वाक्याच्या शेवटी हात असे चोळतात की वाक्याला साबण लावून धुताहेत असं वाटावं. म्हणाले, ताई, तुमची भाषणं ऐकत आम्ही मोठे झालो. माझ्याहून मोठाच असेल गृहस्थ. मार्चअखेरीस संस्थेचा वर्धापनदिन असतो. त्या दिवशी नव्या प्रमुख प्रशिक्षकाने भरल्या सभागृहात भाषण करायचं आणि मगच नेमणूक कायम, अशी इथली रीत आहे. मला हसूच आलं. कारखान्यांच्या दारात, कोर्टाच्या पायऱ्यांवर, समोरून दगड येत असताना मी बोलले आहे. आणि आता यांच्या गादीच्या खुर्च्यांसमोर माझी परीक्षा!

आधीच्या बाई मध्येच सोडून गेल्या. का, ते विचारलं तर संचालकांनी हात चोळले. त्यांना बोलताना दम लागायचा म्हणे. दम लागणारी बाई वक्तृत्व शिकवत होती! उंचीला घाबरणाऱ्याला विमान चालवायला देतील हे लोक.

९ फेब्रुवारी

विद्यार्थी म्हणजे विमा विकणारे, होऊ घातलेले वकील आणि बढती मिळाल्यावर पहिल्यांदा दहा माणसांसमोर उभं राहावं लागणार म्हणून पांढरेफटक पडलेले अधिकारी. एक मुलगी म्हणाली, मॅडम, बोलायला उभं राहिलं की पोटात गोळा येतो. मी म्हटलं, पोट जेवणासाठी आहे, भाषणासाठी नाही, ते घरी ठेवून येत जा. वर्ग हसला. तीही हसली. जेवणाच्या सुट्टीनंतर परत आली नाही. गळणारे गळोत.

एक गोष्ट मात्र या लोकांनी अक्कल लावून केली आहे. प्रत्येकाचं सरावाचं भाषण ध्वनिमुद्रित करतात आणि त्यातून श्वास कापून टाकतात. उरतो त्याला इथे ‘स्वच्छ आवाज’ म्हणतात. हे काम करणाऱ्याला सगळे कात्रीच म्हणतात. गालात सदा खोकल्याची गोळी, स्वभाव आनंदी, डोक्यात फार काही नाही. त्याने पडद्यावर दाखवलं. शब्दांचे डोंगर, आणि दोन डोंगरांमध्ये गवतासारखं खुरटं काहीतरी. तो श्वास. कात्री तो उपटतो आणि डोंगर जवळ सरकवतो. कापलेल्याचं काय करतोस, असं विचारलं. म्हणाला, ठेवतो सगळे. फेकवत नाही हो ताई, माणसाचेच आहेत ना. मग हौसेने ऐकवले. कोणाकोणाचे श्वास, एकामागे एक, मध्ये एकही शब्द नाही. मी म्हटलं, गोठ्यात उभं राहिल्यासारखं वाटतंय, बंद कर.

कापणं मात्र मला पटलं. श्वास म्हणजे वक्त्याने श्रोत्यांपुढे दिलेली कबुली. माझं काहीतरी कमी पडतंय, अशी.

१७ फेब्रुवारी

आज वर्गात एक विचित्र प्रकार झाला. खिडक्या उघड्या, हवा गार, आणि छातीपासून वर एकदम आग उसळली. ब्लाउज पाठीला चिकटला. काळीज असं धडधडायला लागलं की कोणी आतून दार बडवतंय. बोटांना मुंग्या आल्या, भिंती लांब गेल्या, आणि आपण आता मरणार याची पक्की, कोरडी खात्री झाली. समोर सगळे विमा विकणारे. मरायला याहून सोयीची जागा नाही, हाही विचार मनात आला, म्हणजे डोकं ठिकाणावर होतं.

टेबल धरून उभी राहिले. बराच वेळ गेला असावा. मग मी म्हटलं, याला म्हणतात विराम. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मेंढरं.

२० फेब्रुवारी

संचालकांनी हात चोळून चोळून डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. हृदयाचा आलेख ठीक, थायरॉइड ठीक. मग त्यांनी पाळीबद्दल विचारलं. वर्षभर ती वाटेल तेव्हा येते आणि वाटेल तेव्हा बुडी मारते, रात्री घामाने जाग येते, हे सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, हा पाळी जाण्याआधीचा काळ. संप्रेरकं वर-खाली होतात आणि काहींना त्यातूनच भीतीचे झटके येतात. नाटक नव्हे, शरीर खरोखर तसं वागतं. आणि उपाय आहेत, गोळ्या आहेत, बोलायला माणसं आहेत.

मी विचारलं, पोलिसांच्या लाठ्यांपुढे जी हलली नाही ती बाई एका ग्रंथीच्या रसाने हलेल असं म्हणायचंय का तुम्हाला? त्या शांतपणे म्हणाल्या, हो. वर म्हणाल्या, झटका आला की श्वास घेण्याच्या मागे लागू नका, सोडण्याकडे लक्ष द्या. मी त्यांना सांगितलं, मला काहीही झालेलं नाही. औषधांची चिठ्ठी पुस्तकात खुणेसाठी बरी आहे.

२२ फेब्रुवारी

चिमीचा फोन. माझी धाकटी बहीण. तिला मी कधी काही सांगत नाही, पण माझ्या हॅलोवरूनच ओळखते बया. तिलाही गेली दोन वर्षं हेच आहे म्हणे. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवून उतरून पळायची. आता औषध घेते, आणि दर आठवड्याला चार बायका जमून एकमेकींना सांगतात. मी म्हटलं, घाम येणाऱ्या बायकांचं मंडळ! ती हसली. म्हणाली, ये ना ग ताई, तुला अध्यक्ष करू, खुर्चीखाली पंखा लावू.

मग गंभीर होऊन म्हणाली, झटका आला ना, की जवळ जे माणूस असेल त्याला मोठ्याने सांगायचं, मला भीती वाटतेय. निम्मं तिथेच उतरतं. मी म्हटलं, त्यापेक्षा मी चोरी केली असं सांगेन. ती म्हणाली, सांगशीलही, तुझा काही नेम नाही. वर्धापनदिनाला येणार आहे, पहिल्या रांगेत बसायला. बसू दे.

२ मार्च

चार दिवसांपूर्वी माझ्या भाषणाचा सराव मुद्रित केला आणि कात्रीला सांगितलं, माझेही काप. सगळे. त्याने स्वच्छ प्रत ऐकवली.

हा माझा खरा आवाज. घाम नाही, वय नाही, धाप नाही. शरीर नावाचं लोढणं काढून टाकलेली मी. पुन्हा ऐकली. पुन्हा.

त्या दिवसापासून झटके वाढले, पण याचा त्याच्याशी संबंध जोडायला मी काही पत्रिका बघणारी बाई नाही. दुपारी वर पुस्तक घेऊन पडले की खालून, ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून आवाज येतो. खूप जण दबा धरून बसल्यासारखा. कात्रीला झापलं, यंत्र बंद करून जात जा. तो म्हणाला, बंदच असतं ताई, हवा खेळवणाऱ्या पंख्याचा असेल. असेल.

११ मार्च

वर्गात शब्द सापडेना. ‘लोकशाही’. मला! विमावाल्याने सुचवला. अख्खं आयुष्य ज्या शब्दावर उभं केलं तो एका विमावाल्याने मला रुमालासारखा उचलून दिला. आणि मग ते. पुन्हा. जिन्यात बसून राहिले.

कात्रीकडून आधीच्या बाईंची स्वच्छ प्रत मागवून ऐकली. आवाज काय सुंदर! दगडात कोरल्यासारखा. कात्री कौतुकाने म्हणाला, त्यांनीही सगळे कापायला लावले होते, शब्दांच्या आतले बारीकसुद्धा. आहेत माझ्याकडे. ऐकायचेत?

ऐकले. सुरुवातीला नेहमीसारखे, आत-बाहेर. मग भराभर. आणि शेवटी शेवटी फक्त आत. आत, आत, आत. बाहेर एकही नाही. मी म्हटलं, दुबळी बाई. तो म्हणाला, नाही हो, फार जिद्दीची. अगदी तुमच्यासारखी.

१९ मार्च

ठरलं. भाषण मी करणार नाही. स्वच्छ प्रत लावायची आणि मी ओठ हलवायचे. असले प्रकार करणाऱ्यांना आजवर मी बाहुल्या म्हणत आले. म्हणत आले, आणि उद्याही म्हणेन. पण त्या मेंढरांसमोर माझी फजिती? चिमीसमोर? तिने येऊन माझा दंड धरावा आणि ‘होतं ग असं’ म्हणावं? मेलेलं बरं.

संचालकांना कल्पना एवढी आवडली की हात चोळायचंही विसरले.

२६ मार्च

ओठांचा सराव. अवघड आहे. प्रतीत श्वासाला जागाच नाही. शब्दाला शब्द भिडलेला. ओठ जुळवायचे तर मलाही घेता येत नाही. कात्री म्हणाला, दोन-चार ठेवू का परत? मी म्हटलं, एकही नको.

आणखी एक. प्रतीच्या शेवटी एक वाक्य आहे जे मी लिहिलेलं नाही. ‘मला काहीही झालेलं नाही.’ कात्री म्हणतो, तुम्हीच माइकसमोर म्हणाला असाल, दिवसभर तेच तर म्हणत असता. काप म्हटलं. कापलं म्हणाला.

संध्याकाळी ऐकलं. आहे.

३० मार्च, सकाळ

चिमी आली. येताना मुठीएवढा पंखा घेऊन आली. अध्यक्षांसाठी, म्हणाली. पुस्तकं चाळताना तिला ती चिठ्ठी सापडली. रागावली नाही. ताई, भाषण झालं की आपण दोघी औषधाच्या दुकानात जाऊ, मी सोबत आहे, एवढंच म्हणाली.

तेव्हा मी जवळजवळ— शब्द जिभेवर आला होता. पहिला शब्द तर अगदी ओठांवर. तेवढ्यात संचालक दारात. हात चोळत. ताई, हॉल भरला.

आणि मी म्हटलं, मला काहीही झालेलं नाही. का म्हटलं? कोणी विचारलंच नव्हतं.

३० मार्च, दुपार

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आहे. बोटं आखडली आहेत. पेन मुठीत.

ओठ जुळवत होते. श्वासाला जागा नाही. नाही. डोळ्यांपुढे काळं. पडद्यामागून निघाले, जिना— कशी आले माहीत नाही. आवाज खाली चालूच आहे. माझा. टाळ्या पडताहेत. मंच रिकामा आहे आणि एकानेही— मेंढरं—

भाषण संपायला हवं होतं. संपत नाही. मी न लिहिलेलं बोलतेय ती. किती छान बोलतेय.

इथे यंत्र बंद आहे. पडदा काळा. तरी खोली भरलेली आहे. पाठीमागे, टेबलाखाली, कानापाशी. सगळे फक्त आत. मीही. सोडायला जमत नाही. सोडण्याकडे लक्ष द्या, म्हणाल्या होत्या. कसं सोडतात? विसरले—

जिन्यात पावलं. चिमी. तिला दिसलं. एकटीला तिला दिसलं मंचावर कोणी नाही. दार नीट लागलेलं नाही, फटीतून ऐकू येतंय. ताई, कुठे आहेस ग? बरी आहेस ना?

मी तोंड उघडलं. आवाज नाही. इथे नाहीच तो. खाली आहे. आणि खालून, खणखणीत, न थांबता—

मला काहीही झालेलं नाही.

पावलं थांबली. हसली ती. हुश्श म्हणाली. आली वाटतं परत मंचावर, म्हणाली.

उतरतेय ती—

पान फाडून दाराखालून सरकवते. दिसेल तिला. मागे वळली तर दिसेल. मोठ्या अक्षरात.

चिमे, ती मी नाही. मी इथे आहे. मला भी