मला राखीव ठेवलंय

१८ ऑगस्ट, सोमवार

मुलाला ऑफिसात ही डायरी फुकट मिळाली. अर्ध्याहून जास्त वर्ष सरलं तेव्हा आईची आठवण झाली. म्हणाला, काहीतरी लिहीत जा, मन मोकळं होतं. माझं मन मोकळंच आहे, भरलंय ते घर. पण कोरी पानं वाया जायला नकोत. मी चौथी शिकले, त्यातली अर्धी चौथी धाकट्या भावाला सांभाळण्यात गेली. हे कोणी वाचायचं नाही. वाचलंच तर अक्षराला हसायचं नाही.

आज शाळांच्या ऑफिसातून कागद आला. कोपऱ्यावरची शाळा बंद. मुलं कमी म्हणे. आता इकडच्या सगळ्या पोरांनी पिवळ्या बसने पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं. यंदा शाळा उशिराच उघडतायत, पहिल्या सप्टेंबरला.

भिंगरी यंदा पहिलीत. भिंगरी म्हणजे नात. आई-बाप सकाळी कामावर पळतात, पोर दिवसभर माझ्या गळ्यात. माझ्यावाचून ती आंघोळीलासुद्धा जात नाही. (काल गेली होती. पण काल पाणी छान तापलं होतं.) ती एकटी बसमध्ये चढायची नाही. रडून रडून ताप काढेल.

सुनेला सांगितलं, मी जाणार सोबत. सून म्हणाली, आई, बसमध्ये घरचं माणूस चालत नाही, फक्त ड्रायव्हर आणि एक मदतनीस. मग मी मदतनीस होते, म्हटलं. कागदाच्या तळाला लिहिलंच होतं, मदतनीस पाहिजेत. सून कपात चमचा ढवळत राहिली. साखर कधीच विरघळली होती.

ठरलं. उद्या ऑफिस.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दमले. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. माझा गुडघा चांगला आहे, जिना वाईट आहे.

सगळं ऑफिस नव्या वर्षाच्या तयारीला लागलंय. म्हणजे एक माणूस किल्ली शोधतोय आणि दुसरा त्या माणसाला शोधतोय. बंद शाळेची बाकं पॅसेजमध्ये एकावर एक रचलेली. ओल्या रंगाला हात लावू नका असं लिहिलेला कागद ओल्या रंगावरच चिकटवलेला. आणि हे लोक आमच्या पोरांना शिकवणार.

मुलाखत चष्मेवाल्या कारकुनाने घेतली. वय किती, म्हणाला. म्हटलं, तुझ्या आईपेक्षा थोडी मोठी. तो म्हणाला, माझी आई एकोणऐंशीची आहे. म्हटलं, मग थोडी लहान. पोरांनी दंगा केला तर काय कराल? म्हटलं, करणारच नाहीत. बस बंद पडली तर? ते ड्रायव्हरला विचार. एखादं पोर ओकलं तर? म्हटलं, आधी त्याचं तोंड पुसायचं, मग त्याच्या आईची खरडपट्टी काढायची. हसला. शेजारच्या टेबलावरच्याला बोलावून मला परत सांगायला लावलं. तोही हसला.

मुलाखत उत्तम झाली. बाकीच्या बायकांना पाच मिनिटांत बाहेर काढत होते, मला चहा दिला. निघताना कारकून स्वतः जिन्यापर्यंत आला. हात धरतो म्हणाला. नको म्हटलं, नोकरी लागायच्या आधी असली सलगी नको.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

फोन आला! चष्मेवालाच होता. म्हणाला, आजी, तुम्हाला आम्ही राखीव ठेवलंय.

राखीव. बाकीच्यांना नुसतं घेतलं. मला राखीव ठेवलं. सीटवर लिहिलेलं असतं ना राखीव, तिथे दुसऱ्या कोणी बूड टेकायचं नाही, तसं. मुलाखतीतच कळलं होतं मला.

संध्याकाळी सांगितलं. मुलगा म्हणाला, आई, राखीव म्हणजे... सुनेने त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाला, छान झालं. त्याला त्याच्या कंपनीत चौदा वर्षांत कोणी राखीव ठेवलेलं नाही. लागणारच मनाला. मी जास्त बोलले नाही. फक्त जेवताना दोनदा सांगितलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

बस आमच्याच रस्त्याची मिळणार. अजून कोणी तसं म्हणालेलं नाही, पण दुसरीकडे कशाला पाठवतील?

मदतनिसांना ऑफिसातून केशरी जाकिटं वाटतायत असं कळलं. सुनेला फोन करायला लावला. कारकून म्हणाला, राखीववाल्यांची या खेपेला आलेली नाहीत. बरोबर आहे. मापाची शिवायला टाकली असणार.

पण तोवर उघड्याने जायचं का? खिडकीचा जुना केशरी पडदा काढला आणि शिवलं. एक बाही जरा आखूड झाली. ती हात वर करून बस थांबवायची बाही, आखूडच बरी. संध्याकाळी ऊन घरात आल्यावर सुनेला पडदा आठवला.

२४ ऑगस्ट, रविवार

आज भिंगरीची तयारी घेतली. समजावलं, बसमध्ये तू खिडकीशी बसायचं, शेजारची जागा राखीव. राखीव म्हणजे काय, म्हणाली. म्हटलं, आपल्या माणसासाठी जागा धरून ठेवायची. त्यावर बाटली ठेवायची, आणि कोणी बसायला लागलं तर तोंडावर सांगायचं, राखीव आहे, ऊठ.

सोफ्यावर सराव केला. बाप बसायला आला तर बाटली पुढे करून म्हणाली, राखीव आहे, उठा. तो बिचारा जमिनीवर बसून क्रिकेट बघत होता. हुशार आहे पोर. माझ्यावर गेलीय.

दिवसातून चार वेळा दप्तर भरते आणि रिकामं करते. भीती, दुसरं काय. सून म्हणते, उत्साह आहे तो. आईला काय कळतंय लेकराचं.

२५ ऑगस्ट, सोमवार

दमले. आज बसची रंगीत तालीम होती. रिकामी बस सगळ्या स्टॉपवरून फिरवून आणायची. ज्याला बघायचंय त्याने यावं असं होतं. भिंगरीला घेऊन गेले.

बसची पायरी भलत्याच माणसाने बनवलीय. उंच माणसाने. ड्रायव्हरने वरून हात दिला, खालून भिंगरीने ढकललं. चढले.

आत एक तरुण बाई होती, ऑफिसचं जाकीट, गळ्यात शिट्टी. मला वाटलंच होतं की हाताखाली कोणीतरी देतील. तिला सगळं समजावून सांगितलं. पोरं कशी मोजायची, कुठल्या पोराला कुठे बसवायचं, नाक कोणाचं पुसायचं, कोणाचं त्यालाच पुसायला लावायचं. हो आजी, हो आजी म्हणत होती. नम्र आहे. जरा मंद वाटते, पण शिकेल.

ड्रायव्हरने विचारलं, आजी, तुमची बस कुठली? म्हटलं, मी राखीव. तो म्हणाला, अच्छा, म्हणजे स्टेपनी! मी म्हटलं, ते काय असतं? तो म्हणाला, ती गाडीत असल्याशिवाय मी गाडी डेपोबाहेर काढत नाही. मोठा जाणता माणूस आहे. स्टेपनी. पद असावं.

पुढच्या स्टॉपवर पुढचे दात पडलेली एक पोरगी उभी होती. भिंगरी आणि ती काचेतून एकमेकींना जिभा दाखवत होत्या. बघा. शाळा उघडायच्या आधी भांडण. आणि म्हणे बसमध्ये घरचं माणूस नको.

२७ ऑगस्ट, बुधवार

पायरीचा सराव. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढायचं, उतरायचं, वीस वेळा, असं ठरवलं होतं. तीन झाले. पडले नाही. बसले. जरा जोरात बसले. स्टूल हलकं असतं, बस हलकी नसते, त्यामुळे तिथे हा प्रश्न येणार नाही.

मुलगा मलम चोळता चोळता म्हणाला, आई, कशाला हे सगळं, आता जरा आराम कर. म्हटलं, आराम करून काय करू? तो म्हणाला, टीव्ही बघ, दुपारी झोप. जसं काही मला कोणी झोपेसाठी राखीव ठेवलंय.

नवीन निश्चय: बसमध्ये ओरडायचं नाही. फारच झालं तर डोळ्यांनी ओरडायचं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सोमवारी किती वाजता हजर व्हायचं ते विचारायला सुनेला परत फोन करायला लावला. ती नको नको म्हणत होती. कारकून म्हणाला, आजींना घरीच थांबायला सांगा, फोन चालू ठेवा, लागलं तर आम्ही बोलावू.

झालं. सगळ्यांनी ऑफिसात जाऊन सही करायची आणि मी घरून निघायचं. मान देतात. सून फोन ठेवून म्हणाली, आई, एक सांगू का? म्हटलं, उद्या सांग, आज मला जाकिटाला बटणं लावायचीत. बटणं लावून झाली तरी ती तिथेच उभी होती. काही लोकांना उद्योग नसतो.

रात्री जेवताना भिंगरीने विचारलं, आजी, मी शाळेत गेल्यावर तुझ्याशी दिवसभर कोण बोलणार? म्हटलं, वेडी का तू, मी काय घरी असणार आहे?

गुडघा बरा आहे. म्हणजे दुखतोय, पण बरा दुखतोय.

३१ ऑगस्ट, रविवार

सगळी तयारी झाली. जाकीट, रुमाल दोन, ओकणाऱ्यांसाठी पिशव्या, न ओकणाऱ्यांसाठी गोळ्या. मुलाला त्याच्या फोनवरून मला फोन करायला लावून बघितला. वाजतो.

भिंगरीला म्हटलं, उद्या रडू आलं तर रड, मी असणारच आहे. ती म्हणाली, बरं. आणि पडल्या पडल्या घोरायला लागली. भीतीने माणूस असा गळून जातो.

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळ

फोन आला नाही. न येऊ दे. राखीव माणसाला काय रोज बोलवायचं असतं? जाकीट घातलंय. निघते.

१ सप्टेंबर. दुपार

बस वेळेवर आली. एरवी येणार नाही, आजच आली.

भिंगरीने माझा हात सोडला आणि दोन पायऱ्या एका उडीत चढली. रडायचं विसरली असावी. मी तिच्या मागून. दांडा धरला, एक पाय टाकला, मग कोणाच्या तरी बापाने मागून टेकू दिला. वर गेले. शिट्टीवाली दारातच होती. माझ्या जाकिटाकडे बघून म्हणाली, आजी, छान शिवलंय हो. पडदा ओळखला नसावा.

तिसऱ्या रांगेत खिडकीशी भिंगरी. शेजारच्या सीटवर बाटली. शाबास म्हटलं. शिकवलेलं विसरली नाही. बाटली उचलली आणि बसायला वाकले.

भिंगरी म्हणाली, आजी, ती राखीव आहे.

म्हटलं, हो गं, माझ्यासाठीच ना.

म्हणाली, नाही, दातपडकीसाठी. ती पुढच्या स्टॉपवर चढते. आणि माझ्या हातातली बाटली घेऊन परत सीटवर ठेवली. सरळ उभी करून ठेवली. मीच तशी शिकवली होती.

बसमधली सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. मी डोळ्यांनी ओरडायचं ठरवलं होतं, पण डोळे कामाला आले नाहीत. शिट्टीवाली जवळ आली आणि इतर कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, आजी, आज सगळे मदतनीस हजर आहेत. कोणी आलं नाही तरच राखीववाल्यांना बोलावतात. म्हटलं, माहितेय मला, मी फक्त बघायला चढले, तू नीट करतेस का ते. ती म्हणाली, हो आजी.

ड्रायव्हर मागे वळला नाही. आरशातून म्हणाला, सावकाश उतरा, मी थांबतो. असं गोड बोलणाऱ्या माणसांचा मला संताप येतो.

उतरले. उतरताना पायरी तेवढी उंच वाटत नाही. खाली उभी राहून खिडकीकडे बघितलं. भिंगरी पुढच्या स्टॉपच्या दिशेने बघत होती. बस गेली. ज्याने टेकू दिला तो बाप विचारत होता, आजी, घरापर्यंत सोडू का? म्हटलं, घर मला माहितेय.

घरी आले. चहा केला, दोन कप झाला. सवयीने पातेल्यात तेवढंच पाणी पडलं. पडद्याशिवाय या खोलीत ऊन फार येतं. दुपारी झोप म्हणाला होता मुलगा. पडून बघितलं. घरात इतकी शांतता की फ्रिज आवाज करतो हे आज कळलं.

१ सप्टेंबर. संध्याकाळ

आली. आल्यापासून दातपडकी, दातपडकी, दातपडकी. दातपडकीकडे मांजर आहे. दातपडकीला दोन आज्या आहेत. विचारलं, रडलीस का? म्हणाली, नाही. तू? म्हटलं, मला काय धाड भरलीय?

सून आज लवकर घरी आली. पडद्याचं नवीन कापड आणलंय, ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि आत गेली.

जाकीट दाराजवळच्या खुंटीवर लावलंय, लगेच हाताला येईल असं. त्या शिट्टीवालीला आज मी दोनदा शिंकताना ऐकलं.

फोन चार्जिंगला लावलाय.