दाद देऊ नका

४ नोव्हेंबर

आले एकदाची डिंभ्याला! एसटीने घोडेगावपर्यंत अर्धा जीव काढला, पण बंगला पाहिला आणि सगळं विसरले. समोर धरणाचं पाणी, मागे डोंगर, मला स्वतंत्र खोली. बंगल्याच्या मालकीण इल्झेबाई मूळच्या ऑस्ट्रियाच्या, सत्तरीपुढच्या. चित्रं काढतात आणि आयुष्यभर अरबी संगीताच्या मागे कैरो, सीरियातलं हलब, बगदाद असं फिरल्यात. तिथल्या मैफलींच्या जुन्या टेप मी संगणकावर चढवायच्या. जानेवारीत माझी रेडिओची स्वरचाचणी आहे. इथे रियाज करताना शेजारचे भिंत तरी ठोकणार नाहीत.

६ नोव्हेंबर

बाई ऊद वाजवतात. आपल्या सरोदाचा पोट सुटलेला भाऊच तो! दोन सुरांच्या मध्ये त्यांना आणखी एक सूर सापडतो, जो आमच्या पेटीत नाहीच. बाई सांगत होत्या, तिकडे ऐकणारा गप्प बसत नाही. चांगली जागा आली की ओरडून दाद देतो. मी म्हटलं, आमच्याकडेही तेच, दाद गिळणं म्हणजे अपमान. हे ऐकून बाई जरा जास्तच खूश झाल्या.

वादन टेपवर लावून त्या माझं चित्र काढतात. मी मनापासून ‘वा!’ म्हटलं की त्यांचा ब्रश चालतो. एरवी हलत नाही.

९ नोव्हेंबर

स्वयंपाकाच्या कुशाबाई संगीत सुरू झालं की पदराचा बोळा तोंडात धरतात. मी थट्टा केली, तर हसल्या नाहीत. त्यांची मुलगी हर्षाली माझ्याआधी इथे कामाला होती. हल्ली ती बोलतच नाही. डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही.

भिंतीवरची चित्रं आज नीट पाहिली. सगळ्यांची तोंडं उघडी आहेत. हर्षालीचंही.

१२ नोव्हेंबर

तार षड्ज, वरचा सा, फाटतोय. थंडी असेल. बाईंनी न मागता मध आणून दिला आणि माझ्या गळ्याकडे बघत राहिल्या. मला ते मुळीच आवडलं नाही.

१५ नोव्हेंबर

हलबची टेप, डब्यावर १९७४. एक सुंदर जागा झाली, लोक ओरडले, आणि त्यांच्यात एक मुलगी स्पष्ट म्हणाली, ‘अगं बया!’

मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग कुशाबाईंना बोलावलं. ऐकताच त्या दारात मटकन बसल्या. “ही आमची हर्षाली. पोरगी घरी हाये ताई, पर आवाज हितंच हाये. म्हनून तर मी काम सोडत न्हाई.”

हर्षाली एकोणीस वर्षांची आहे.

उठताना माझा हात धरून म्हणाल्या, “तुमी दाद देऊ नका. लई ग्वाड वाजतं, पर तोंड उघडू नका.”

१६ नोव्हेंबर

जायचं ठरवलं. बस आली नाही. बाई प्रेमाने म्हणाल्या, चित्रात आता फक्त तोंड राहिलंय.

दुपारी त्यांनी ऊद काढला. ओठ घट्ट मिटून बसले. पण तो मधला सूर आला आणि ‘वा’ निघूनच गेला. इतक्या वर्षांची सवय — मेली सवय!

१७ नोव्हेंबर

सकाळी तानपुरा लावला. सा लागत नाही. मंद्रात, अगदी खालच्या सुरांत, थोडं काही उरलंय, तेवढंच. रडू आलं, त्यालाही आवाज नव्हता. कुशाबाईंचा पुतण्या सूरज जीप घेऊन येतोय. निघाला म्हणे. तोवर खोलीतून हलायचं नाही.

दुपार

कानात कापूस. दार लावलंय. जीप अजून नाही. उरलंय ते न्यायचं — तेवढं तरी —

बाईंनी टेप लावली. कापसातूनही ऐकू येतेय. ऊद नाही. गाणं. कुणा बाईचा आवाज. यमन. तार षड्जावर थांबलीय — ती जागा मी स्वरचाचणीसाठी कित्येक महिने घोटलेली —

मी आहे. मीच गातेय. इतकं सुंदर मला कधी जमलं नव्हतं — ओठ चावून धरलेत — पुन्हा वर चाललीय — नको, थांब — अगं, किती सुरेल — वा