बांबूचं माप

अण्णा, काल किती वर्षांनी आपल्या वाडीत कोणीतरी बांबू दाखवला. ही पद्धत तुमचीच. प्रभादेवीच्या या गल्लीत आपली सगळी बैठी घरं, एकमेकांना खेटून. कोणाला घर चढवायचं असलं की तुम्ही आधी त्याच्या भिंतीवर नव्या उंचीचा बांबू उभा करायला लावायचात, टोकाला लाल फडकं बांधून. फडक्याची सावली शेजाऱ्याच्या दारात जिथे पडेल तिथे खडूने रेघ मारायचात. ती रेघ बघून शेजारी हो किंवा नाही म्हणायचा. गिरणीतले फिटर तुम्ही, टेप रविवारीसुद्धा खिशात. तुमच्या रेघेवर कोणी वाद घातलेला मला आठवत नाही. आता खडू कोणी शोधत नाही, सरळ वॉर्ड ऑफिसात हरकतीचा अर्ज टाकतात.

तसाच अर्ज यंदा मला लिहायला सांगितला होता. शेजारच्या काकूंच्या मुलाला घरावर दोन मजले चढवायचे आहेत. आपल्या आणि त्यांच्या घरामध्ये ती लादीची मोकळी जागा आहे ना, तिच्या पलीकडे. काकू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या एका खोलीत त्याचे लग्न झालेले दोन मुलगे राहतात, मध्ये साडीचा पडदा लावून. पण वाडी त्याच्यावर तुटून पडली आहे. गटार आधीच तुंबतं, पाणी दुसऱ्या मजल्यावर ओढलं की खाली नळ कोरडे, जिना गल्लीत आला तर आपला गणपती बाहेर कसा काढायचा. आठवड्यातून तीनदा माझ्याकडे बैठक, आणि चहा मीच करायचा. "ताई, तुम्ही ऑफिसात होता, अर्ज तुम्हीच लिवा. पहिली सही पण तुमचीच. उजेड तुमचा जाणार, आमचं काय!" बोलणं खोटं नव्हतं. दुपारनंतर या घरात जो उजेड येतो तो तिकडूनच येतो. आणि खरं सांगू, मी थकले आहे. गुडघे दुखतात, दिवसातला बराच वेळ मी त्या खिडकीपाशीच असते. अर्जाचा मसुदा मी सुवाच्य अक्षरात करूनही ठेवला होता.

मग परवा काकूंचा मुलगा आला. पन्नाशी उलटलेला माणूस, दारातच उभा राहिला. म्हणाला, "ताई, आई सांगायची, तुमच्या अण्णांनी आम्हाला बांबू दाखवला होता. मी पण दाखवतो. तुम्ही बघा, आणि नको म्हणालात तर मी नाय चढवणार. वाडीचं मी बघून घेईन, पण तुमचं नको तर नको." मी त्याला बस म्हणाले नाही. उद्या दाखव, एवढंच म्हणाले.

अण्णा, आपण माळा चढवला ते वर्ष तुम्हाला आठवत असेलच. माझं मॅट्रिक तोंडावर होतं. मी स्वयंपाकघरात स्टोव्हशेजारी अभ्यास करायची आणि पुस्तकांना रॉकेलचा वास यायचा. काकू त्या लादीवर उन्हाळाभर मिरच्या वाळवायच्या. अर्ध्या वाडीचा वर्षाचा मसाला त्यांच्या हातचा, लालबागच्या डंकावरून कुटून आणलेला. लादीवर ऊन यायचं ते सकाळचंच, दुपारी त्यांच्याच घराची सावली पडायची. त्या सकाळी तुम्ही खाली काकूंबरोबर खडू घेऊन उभे आहात. मी शिडीवर, बांबू धरून. बुंधा भिंतीच्या माथ्यावर टेकवायचा, एवढंच माझं काम. फडक्याची सावली थेट लादीच्या मधोमध पडते आहे, मला वरून स्वच्छ दिसतं आहे. काकू नाही म्हणणार. बांबू हलतो आणि तुम्ही ओरडता, "अगं, सरळ धर! हात हलवू नको!" मी सरळ धरते. पण तुम्ही वाकून खडू टेकवेपर्यंत बुंधा आतल्या बाजूने दोन हात खाली सोडते आणि शिडीच्या पायरीवर टेकवते. सावली मागे येते. रेघ लादीच्या अलीकडे पडते. काकू रेघ बघतात, मग वर माझ्याकडे बघून हसतात. "चढवा, भाऊ. चेडवाक अभ्यासाक जागा व्हयी."

माळा झाला. तुम्ही मला टेबललॅम्प आणून दिलात, हिरव्या शेडचा. पुढच्या उन्हाळ्यात काकूंच्या मिरच्या ओल्या राहिल्या आणि मसाल्याला जाळी धरली. लोक बोलले. काकू आपल्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तुम्ही मात्र टेप घेऊन लादीवर उकिडवे बसलात, पुन्हा पुन्हा मोजलंत, आणि शेवटी त्यांच्या दारात जाऊन म्हणालात, "वहिनी, माझं माप चुकलं." तेव्हापासून दर उन्हाळ्यात कामावर जाण्याआधी त्यांच्या मिरच्यांची सुपं तुम्ही स्वतः आपल्या छपरावर चढवायचात, पाठ धरली होती तरी. त्यानंतर वाडीत कोणी माप घ्यायला बोलावलं तर "दुसऱ्याला सांगा" म्हणायचात. मी हे सगळं माळ्यावरून बघत होते. मला फार लाज वाटायची, आणि तरी मी बोलले नाही.

काल चार वाजता त्याने दोन बांबू एकाला एक जोडून छपरावर उभे केले. धाकटी सून धरून होती. तो खालून ओरडत होता, "खाली नको घेऊस गं, पूर्ण उंचीला धर!" फडक्याची सावली आपली खिडकी, कौलं, सगळं ओलांडून मागच्या आळीत गेली. तो खडू हातात घेऊन उभा राहिला, रेघ मारायला आपली भिंत पुरेना. त्याचा चेहरा पडला. "राहू दे ताई," म्हणाला, "फारच जातंय." आणि सुनेला बांबू उतरवायची खूण केली. मी म्हणाले, "जिना आतून घे, गणपती अडता कामा नये. बाकी माझी हरकत नाही, तसं लिहून देते." आज सकाळपासून वाडीतलं कोणी माझ्याशी धड बोललेलं नाही. अर्ज दुसरं कोणीतरी लिहील.

त्याला वाटतं, मी मोठ्या मनाची आहे. जाताना तो माझ्या पाया पडला आणि मी पडू दिलं. खरं कारण त्याला सांगितलं नाही, सांगेन असं वाटतही नाही. हा कागद मी टेबललॅम्पच्या खोक्यात ठेवून देणार आहे, ते खोकं अजून माळ्यावर आहे. तुम्ही शेवटच्या आजारातही एकदा म्हणाला होतात, ती एक रेघ कशी चुकली कोण जाणे. मी तुमचे पाय चेपत होते. अण्णा, तुमचं माप बरोबर होतं.